मातीची आज्जी, कॉम्प्युटरचा पाऊस

तुमचा प्रश्न मी असा समजलोय. चार मिनिटांची फिल्म आहे. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली एक आज्जी, तिच्या टोपलीवर डोळा ठेवून बसलेलं मांजर आणि बाहेर धो धो पाऊस. तुम्ही दोघं मित्र नोकरी सांभाळून हे करणार आहात. एकाचा हात मातीत चांगला बसलाय, दुसऱ्याला ब्लेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर थ्रीडी ॲनिमेशन करायचं सॉफ्टवेअर, येतं. डोंबिवलीला दहा बाय बाराची एक खोली मोकळी आहे आणि पुढच्या वर्षीच्या फेस्टिव्हलांना फिल्म पाठवायची आहे. तर क्लेच करावं, म्हणजे मातीच्या बाहुल्या जरा जरा हलवत एकेक फ्रेम काढावी, की ब्लेंडरमध्ये क्लेसारखं दिसेल असं करावं? स्वस्त काय पडेल आणि सोपं काय?

स्वस्त काय, याला एका वाक्यात उत्तर नाही. दोन्हीकडे घाम सारखाच गळतो, फक्त वेगवेगळ्या वेळी. जाहिराती आणि मुलांच्या मालिकांसाठी मी दोन्ही प्रकारचं काम करत आलोय, आणि कुणी नवीन माणूस विचारायला आला की मी त्याला आधी हे विचारतो: तुझ्या फिल्ममध्ये बदल कोण सांगणार आहे आणि कधी सांगणार आहे? क्लेमध्ये पपेट उभं राहिलं की लगेच शूटिंगला बसता येतं. पण काढलेली फ्रेम ती काढलेली फ्रेम. आज्जीनं मान उजवीकडे वळवली आणि आठवड्याने वाटलं की डावीकडे हवी होती, तर तो शॉट पहिल्यापासून. मधली पोझ परत मिळत नाही, पुढची करताना तुम्हीच ती बोटांनी मोडलेली असते. कॉम्प्युटरवर याच्या बरोबर उलटं. मॉडेल, आतला रिग (पात्र हलवायचा सांगाडा), चेहऱ्याचे कंट्रोल, लुगडं, टेक्स्चर (पृष्ठभागाचा पोत) यांत महिने जातात आणि घरच्यांना दाखवायला हलणारं काहीच नसतं. मात्र रिग नीट बसला की भुवई केसभर वर, मान जराशी खाली, हे सगळं शेवटच्या आठवड्यापर्यंत करता येतं. जाहिरातींत क्ले कमी झालं त्याचं मोठं कारण हेच आहे. ‘जरा अजून हसरी करा ना’ हे वाक्य क्लायंट नेमकं शेवटच्या मीटिंगमध्ये काढतो.

तुमच्या डोक्यावर क्लायंट नाही, ही तुमची सगळ्यात मोठी चैन आहे. स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक, म्हणजे चित्रं आणि आवाज वेळेवर लावून केलेली कच्ची फिल्म, यावर तुम्ही दोघं आधीच भांडून घेतलंत, तर क्लेची मुख्य अडचण अर्धी होते. भांडण शूटिंगपर्यंत लांबवणारी जोडी असाल, तर मात्र कॉम्प्युटरकडेच जा.

आता हिशोब. चार मिनिटं म्हणजे 240 सेकंद. सेकंदाला 24 फ्रेमने 5760 फ्रेम. ऑन टूज केलं, म्हणजे एक पोझ दोन फ्रेम धरली, तर 2880 पोझ. क्लेमध्ये बहुतेक काम ऑन टूजच होतं आणि डोळ्याला ते खुपत नाही; मांजराची झेप वगैरे वेगवान हालचाल तेवढी ऑन वन्स, म्हणजे दर फ्रेमला नवी पोझ, घ्यावी लागते. सराव झालेला माणूस दिवसभर बसला तर तीन सेकंद पदरात पडतात, शॉट अवघड असेल तर एकच. तीनच्या हिशोबाने 80 पूर्ण दिवस शूटिंग. नोकरी सांभाळून फक्त शनिवार-रविवार धरलेत तर नऊ-दहा महिने यातच गेले, आणि पपेट नि सेट बनवणं वेगळं. कॉम्प्युटरवर हाच हिशोब रेंडरचा, म्हणजे मशीनने प्रत्येक फ्रेमचं पक्कं चित्र काढण्याचा, होतो. एका फ्रेमला पाच मिनिटं धरली तर 5760 फ्रेमना 480 तास, म्हणजे मशीन रात्रंदिवस चालवून वीस दिवस. रेंडर चालू असताना तुम्ही झोपू शकता, हा त्यातला फायदा. चूक निघाली की वीजबिलासकट सगळं परत, हा तोटा.

पण तुमच्या बाबतीत निर्णय या आकड्यांवर होणार नाही, पावसावर होणार आहे. पाणी हा क्लेचा जुना शत्रू. पाण्याला मापात हलवता येत नाही. पुढची फ्रेम काढेपर्यंत थेंब ओघळून गेलेला असतो. शिवाय वीस सेंटिमीटरच्या आज्जीवर खरा थेंब पडला की तो लिंबाएवढा दिसतो. ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओची हयात क्लेमध्ये गेली. पण उंदरांची गटारातली गोष्ट सांगणारी ‘फ्लश्ड अवे’ ही 2006 ची फिल्म त्यांनी कॉम्प्युटरवर केली, कारण पाणी जवळपास सगळीकडे होतं आणि ते क्लेच्या सेटवर झेपणारं नव्हतं. पात्रांची ठेवण मात्र त्यांनी मुद्दाम आपल्या मातीच्या बाहुल्यांसारखीच ठेवली. थोडं पाणी असेल तर जुन्या युक्त्या चालतात. अंगावरच्या थेंबांना ग्लिसरीन, साचलेल्या पाण्याला पारदर्शक रेझिन, धारेला सेलोफेन. चार मिनिटं धो धो पावसाला यातलं काही पुरत नाही.

मग आज्जी आणि मांजर क्लेमध्ये आणि पाऊस ब्लेंडरमध्ये, असं का नको? तुमच्यात एकाला एक येतं, दुसऱ्याला दुसरं येतं, मग कुणाला तरी हात बांधून बसवायचं कशाला? माझा कल स्पष्टपणे इकडे आहे. हिंदीत दोन्ही एकाच फिल्ममध्ये नांदलेलीही आहेत. ‘तारे जमीं पर’ (2007) च्या सुरुवातीची श्रेयनामावली धीमंत व्यास यांनी क्लेमध्ये केली, आणि त्याच फिल्ममधली गणिताच्या पेपरातली ग्रहांची धमाल कॉम्प्युटरवर झाली. आपल्या मुंबईच्या रस्त्यावर घडणारी स्टॉप मोशन, म्हणजे अशीच फ्रेमगणिक हाताने हलवून केलेली, फिल्म बघायची तर सुरेश एरियात यांची ‘टोकरी’ (2017) बघा. टोपल्या विकायला निघालेल्या मुलीची गोष्ट आहे, आणि बनायला वर्षानुवर्षं लागली. नोकरी सांभाळून करणाऱ्यांनी तर ती जरूर बघावी, धीर येतो आणि घामही फुटतो.

साहित्याबद्दल थोडक्यात. शाडू चालेल का, असं बरेच जण विचारतात, कारण लालबाग-परळच्या कारखान्यांत ती सहज दिसते. चालणार नाही. शाडू पाण्याची माती आहे, ती सुकते आणि तडकते. आपल्याला दिवसभर दिव्याखाली मऊ राहणारी तेलाची माती लागते, म्हणजे प्लॅस्टिसीनच्या जातीची. शाडूचा उपयोग चुलीला, भिंतीला, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगेला करा. तेलाची माती उलट गरमीत ढिली पडते. मे महिन्यात बंद खोलीत दोन दिवे लावले की दुपारी आज्जीचे गाल उतरायला लागतात, आणि रशेस, म्हणजे काढलेले कच्चे शॉट, बघताना आज्जी दर शॉटला म्हातारी होत गेलेली दिसते. म्हणून एसी लागतो, आणि तो शॉट संपेपर्यंत बंद करायचा नाही. रात्री बंद केला तर प्लायचा सेट दमटपणाने केसभर हलतो आणि सकाळी सगळं घर टुणकन उडाल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात तर हमखास. शॉट शक्यतो अर्धा सोडून दुसऱ्या दिवसावर टाकूच नका.

सगळं पपेट क्लेचं करायचीही गरज नाही. मोठे स्टुडिओसुद्धा आता अंग आणि कपडे सिलिकॉन, फोम, कापड यांतून करतात. क्ले उरते ती चेहरा आणि हातांपुरती. तुम्ही ॲल्युमिनिअमच्या तारेचे दोन-तीन पदर पिळून सांगाडा करा, न वाकणारी हाडं एम-सीलने पक्की करा, त्यावर कापडी लुगडं घाला. कोपर आणि घोट्याची तार वाकून वाकून हमखास तुटते, तेव्हा ते भाग बदलता येतील असे ठेवा आणि तळपायात नट बसवून खालून स्क्रूने आवळा. पाय घट्ट नसेल तर बाकी सगळं फुकट. एक सूचना: साचा सिलिकॉनचा करणार असाल आणि मूळ मूर्ती क्लेची असेल, तर क्लेमध्ये गंधक नाही ना हे आधी बघून घ्या. गंधक असेल तर काही सिलिकॉन धरतच नाहीत, चिकट राहतात.

खोलीचं एवढं सांभाळा: खिडक्यांना काळा कागद, अंगात काळा शर्ट, पंखा बंद, कॅमेऱ्यात सगळं मॅन्युअल, आणि ट्रायपॉडचे पाय ग्लू गनने फरशीला चिकटवलेले. स्वस्त एलईडी दिवे डोळ्याला स्थिर दिसतात पण फ्रेमागणिक लुकलुकतात, तेव्हा विकत घेण्याआधी शंभरएक फ्रेम काढून बघा. वरच्या मजल्यावर मिक्सर लागला किंवा जवळून फास्ट लोकल गेली की कॅमेरा थरथरतो. डोंबिवलीत रुळांच्या किती जवळ आहात त्यावर रात्री शूट करायचं की दिवसा, हे ठरेल.

आता दुसरी बाजू. समजा सगळंच ब्लेंडरमध्ये करायचं ठरलं. क्लेसारखं दिसेल का? दिसेल, पण बहुतेकांचं जिथे फसतं ते सांगतो, कारण हे ट्यूटोरियलमध्ये क्वचितच सापडतं.

लोक मॉडेलवर बोटांच्या ठशांचं टेक्स्चर लावतात, ते दर दोन फ्रेमला बदलतात आणि क्ले झाली म्हणतात. पडद्यावर मात्र आज्जीच्या अंगभर मुंग्या फिरताहेत असं वाटतं. खऱ्या क्लेमध्ये काय होतं बघा. ॲनिमेटरने ओठ हलवला, तर त्याचं बोट ओठाला आणि गालाच्या खालच्या भागाला लागलं. तेवढाच भाग बदलतो. कान, कपाळ, नाकाचा शेंडा जसाच्या तसा. मग आज्जी मान वळवते तेव्हा डोकं दोन्ही बाजूंनी धरावं लागतं, आणि कानशिलावरचे ठसे बदलतात. म्हणजे ठसा हा हालचालीचा मागोवा असतो. ब्लेंडरमध्ये हे करायचं तर चेहऱ्याचे चार-पाच भाग पाडा, प्रत्येकाला ठशांचे तीन-चार वेगळे संच द्या, आणि तो भाग खरोखर हलेल तेव्हाच संच बदला. आज्जी नुसती ऐकत उभी असेल तर पापण्यांखेरीज काहीही बदलता कामा नये.

दुसरं, ठशाचं माप. आज्जी वीस सेंटिमीटरची आहे असं भासवायचं, तर तिचा चेहरा तीन-चार सेंटिमीटरचा झाला, आणि त्यावर माणसाच्या अंगठ्याचा ठसा अर्धा गाल व्यापेल. ठसे बारीक टाकलेत की प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण पपेट अवाढव्य वाटतं. कॅमेऱ्याचंही तेच. छोट्या वस्तूच्या जवळ गेलेल्या लेन्सला मागचं धूसर दिसतं, तेव्हा सगळा कोळीवाडा लखलखीत फोकसमध्ये ठेवू नका.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, हालचाल. दोन पोझ दिल्या की कॉम्प्युटर मधलं स्वतः भरतो आणि ते तेल लावल्यासारखं सुळकन सरकतं. ते बंद करा. कर्व्ह कॉन्स्टंटवर ठेवा, म्हणजे मधलं भरलं जात नाही, दर दोन फ्रेमला पोझ स्वतःच्या हाताने द्या, मोशन ब्लर, म्हणजे हालचालीचा धूसरपणा, काढून टाका. कंटाळवाणं आहे, जवळपास क्लेइतकंच. ‘द लेगो मूव्ही’ (2014) कॉम्प्युटरवर बनली, तरी खरे तुकडे हाताने हलवल्यासारखी दिसते, ती अशाच बंधनांमुळे: ब्लर नाही, ठोकळा वाकणार नाही, प्लॅस्टिकवर ओरखडे. याचा अर्थ असा की क्लेचा हात असलेला तुमचा मित्र ब्लेंडरमध्येही लागणारच आहे. ‘ज्युरासिक पार्क’ (1993) च्या वेळी डायनासोर कॉम्प्युटरवर करायचं ठरलं, तेव्हा फिल टिपेट यांची स्टॉप मोशनवाली मंडळी घरी बसली नाहीत. सेन्सर लावलेला सांगाडा हाताने हलवायचा आणि पोझ कॉम्प्युटरमध्ये उतरवायची, असं यंत्र त्यांच्यासाठी तयार झालं. जनावर वजन कसं टाकतं हे त्यांना माहीत होतं, आणि ते सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं.

आज्जी बोलणार आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तोंडाबद्दल जरा जास्त सांगतो. क्लेमध्ये तोंड दरवेळी कोरत बसण्याऐवजी तोंडांचा संच करून ठेवतात आणि फ्रेमगणिक बदलतात. 2009 च्या ‘कोरलाइन’मध्ये असे चेहरे थ्रीडी प्रिंटरवर छापले होते. तुम्हाला तेवढं नको, पण नेटवर मिळणारा इंग्रजी उच्चारांच्या तोंडांचा तक्ता तसाच उचलू नका. त्यात खालच्या ओठावर वरचे दात टेकवलेलं एक ठसठशीत तोंड असतं, एफ आणि व्हीसाठी. मराठी ‘व’ इतका चावून कुणी म्हणत नाही. ‘वारा’, ‘विळी’ म्हणताना ते तोंड लावलं की आज्जी कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यासारखी वाटते. ‘व’ला ओठ नुसते जवळ आणा. ट, ठ, ड, ण, ळ यांना जीभ आत वळते, बाहेरून काही दिसत नाही. त्यांना वेगळं तोंड नकोच, शेजारच्या स्वराचं चालतं. प, फ, ब, भ, म ला मात्र ओठ मिटलेच पाहिजेत, आणि किमान दोन फ्रेम. ‘फ’ हल्ली बरेच जण इंग्रजीसारखा म्हणतात, पण कोळीवाड्यातली आज्जी ओठ मिटूनच म्हणेल. तरी आवाज देणाऱ्या बाईंचं तोंड एकदा बघून ठेवा. स्वरांना आ, इ-ए, उ-ओ अशी तीन, वर एक स्वस्थ मिटलेलं, एक दात दाखवून हसणारं. सात-आठ तोंडांत चार मिनिटं आरामात निघतात. आणि बोलताना ओठांइतकंच काम भुवया आणि मान करतात. आज्जी तोंडात तंबाखू धरून बोलते असं केलंत, तर एक गाल कायम फुगलेला राहील, निम्मं लिप-सिंक (ओठ आवाजाशी जुळवणं) सुटेल आणि पात्रही उभं राहील.

एआयने काम सोपं होईल का, हेही विचारलंत. पाठीमागच्या आभाळाचे संदर्भ काढायला वापरा हवं तर. आज्जी शॉटमागून शॉट तीच दिसायला हवी आणि मांजराने नेमकं सोळाव्या फ्रेमला कान टवकारायला हवेत, अशा कामाला मी सध्या तरी त्याच्यावर विसंबणार नाही. काही फेस्टिव्हल त्याबद्दल स्पष्ट नियमही घालतात, ते आधी वाचा.

तेव्हा तुमच्यासाठी मी असं मांडेन. आज्जी, मांजर, टोपली, चूल, घराचा आतला भाग हे सगळं क्ले. खिडकीबाहेरचा पाऊस, समुद्र, बाजारातली मागची गर्दी ब्लेंडर. मांजराची झेप क्लेमध्येच घ्या: त्याला मागून जाड तारेच्या दांड्यावर धरा, त्याच चौकटीची मांजराशिवायची एक रिकामी फ्रेम आधी काढून ठेवा, आणि नंतर दांडा पुसून टाका. खिडकीत हिरवा कागद लावण्यापेक्षा खिडकी मोकळी ठेवून मागे एकसारखा राखाडी उजेड द्या. हिरव्याची झाक क्लेच्या तेलकट अंगावर पडते आणि काढता काढता नाकी नऊ येतात. पाऊस ब्लेंडरमधून आला तरी तो ऑन टूजच ठेवा, नाहीतर आत आज्जी एका चालीने आणि बाहेर पाऊस दुसऱ्याच चालीने हलताना दिसेल. हे दोघांतलं जुळवणं ज्याला जमेल, त्याच्याच हातात शेवटची जोडणी द्या.

यातलं एक बदललं तर माझं उत्तरही बदलेल. बहुतेक प्रसंग घराबाहेर, समुद्रावर असतील तर सगळं ब्लेंडरमध्ये करा. खोली रुळाला लागून असेल आणि दुसरी मिळतच नसेल, तरीही तेच. पाऊस नुसता आवाजात चालणार असेल, तर कॉम्प्युटर फक्त दांडे पुसण्यापुरता ठेवा आणि सगळं मातीत करा.

काही विकत घ्यायच्या आधी पाच सेकंदांचा एक शॉट दोन्ही पद्धतींनी करून बघा. टोपलीवरचं फडकं आज्जी उचलते, मांजर मान वळवतं, एवढाच. पात्रं कच्ची चालतील. ब्लेंडरमध्ये तयार रिग घेतलात तरी चालेल, पण हालचाल स्वतः करा. किती तास लागले ते दोघांनी वेगवेगळं लिहून ठेवा. फडकं हा शॉट मुद्दाम सुचवतोय: क्लेच्या सेटवर कापडाच्या आत पातळ तार शिवावी लागते, ब्लेंडरमध्ये क्लॉथ सिम्युलेशनशी, म्हणजे कॉम्प्युटरने हिशोबाने हलवलेल्या कापडाशी, झटापट करावी लागते, आणि दोन्हीकडे कोणाचा संयम किती टिकतो हे दुपारपर्यंत समजतं.